लाइट कधी येणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी दोन मंडळांची बाई आहे. एक हे आपले महिला मंडळ आणि दुसरे विद्युत मंडळ. या मंडळात मी हौसेने आले, त्या मंडळात पोटासाठी गेले. इथे वर्गणी भरावी लागते आणि तिथे पगार मिळे, एवढा फरक सोडला तर दोन्हीकडे बाकीच्या गोष्टी पुष्कळशा सारख्याच. सभा वेळेवर सुरू होत नाही, हिशेब मात्र पै न पै जुळावा लागतो.

कार्यवाह बाईंनी मला विषय दिला तो असा : विजेच्या मोठ्या कंपनीत नोकरी करणे कसे असते, ते सांगा. मी प्रथम नाहीच म्हणणार होते. माझी सारी नोकरी कारकुनीची. मी काही इंजिनियर नव्हे, साहेब नव्हे. पण त्यांनी मला आडून सुचविले की हा विषय उगाच निघालेला नाही. आपल्यातल्याच एका वहिनींची मुलगी आयटीआयमधून तारतंत्रीची परीक्षा पास झाली आहे आणि तिला ‘विद्युत सहाय्यक’ या जागेसाठी अर्ज करायचा आहे. घरात कुणाचे एकमत नाही. वडील म्हणतात, करू दे. आजी म्हणते, पोरीच्या जातीने खांबावर चढायचे? आणि वहिनी बिचाऱ्या दोघांच्या मध्ये. त्यांनी मला गेल्या महिन्यात दोनदा विचारले, “ताई, तुमचा जन्म त्यात गेला. हो म्हणू की नाही म्हणू?” मी दोन्ही वेळा चहा पिऊन उठून आले. उत्तर दिले नाही. कारण एका शब्दात देण्यासारखे ते नाही. आज जरा अधिक शब्दांत सांगते.

कंपनी मोठी म्हणजे केवढी, हे आधी सांगून टाकते, म्हणजे त्यातून मोकळी होईन. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 च्या 1 मे रोजी महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी 20 जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. लोक त्याला ‘बोर्ड’ म्हणत. “माझा मुलगा बोर्डात लागला” असे एखादी बाई सांगे तेव्हा तिच्या आवाजातच पेढे वाटल्याचा थाट असे. पुढे 2003 चा वीज कायदा आला आणि 6 जून 2005 पासून त्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. वीज निर्माण करणारी महानिर्मिती, ती दूर वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचविणारी महावितरण, शिवाय या तिघींच्या वरची एक सूत्रधारी कंपनी. महावितरणचे ग्राहक आज तीन कोटींच्या वर आहेत. आपला जिल्हा लातूर परिमंडळात मोडतो, बीड आणि लातूर यांच्याबरोबर.

असो. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण तीन कोटींची कंपनी तिथे काम करणाऱ्याला कधी दिसत नाही. त्याला दिसते एक टेबल, एक खिडकी, एक वही आणि आपले आठ तालुके. मी कळंबला होते, उमरग्याला होते आणि शेवटी इथे. 1985 साली लागले आणि 2019 साली निवृत्त झाले. मधल्या काळात दारावरची पाटी बदलली, जिल्ह्याचे नाव तर मी घरी बसल्यावर, 2023 साली बदलले. पण गावातली माणसे पाटीकडे पाहतच नव्हती. त्यांच्या लेखी आम्ही आधीही ‘लाइटवाले’ आणि नंतरही ‘लाइटवाले’.

आणि लाइटवाल्यांना विचारायचा प्रश्न एकच. लाइट कधी येणार?

भगिनींनो, हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. खिडकीवर ऐकला, फोनवर ऐकला, एस. टी. मध्ये ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला. एकदा तर मैतीला गेले असता एका आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “बाई, वेळ बरी नाही, पण आमच्या वस्तीची लाइट कवा येणार हाय?” मला रागही आला आणि हसूही आले. पण नंतर विचार केला, त्यांचे काय चुकले? त्यांना कंपनी कुठे भेटणार? त्यांना मीच भेटले. मोठ्या कंपनीत नोकरी करणे म्हणजे एका परीने हेच की कंपनी कुणालाच दिसत नाही आणि तुम्ही सगळ्यांना दिसता.

2005 नंतरची काही वर्षे तर तुम्हालाही आठवत असतील. राज्यात विजेची मागणी वाढत गेली आणि निर्मिती तिला पुरेना, म्हणून भारनियमन. सकाळी इतके तास, संध्याकाळी इतके तास. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी माझ्याकडे बसायला येत. मला वाटे, किती प्रेम! मग एकदा एकीच्या लहान मुलाने भांडे फोडले. म्हणाला, “आई म्हणती, बघून ये, त्यांचा फ्यान चालू हाय का.” माझ्या घराला निराळी तार होती अशी सगळ्यांची खात्री. वस्तुतः आम्ही सगळे एकाच फीडरवर. मीही कंदिलाच्या काचा पुसूनच स्वयंपाक करीत होते. ते मूल आता मोठे झाले आहे आणि त्याची आई आज इथे बसली आहे, म्हणून नाव घेत नाही.

शेतकऱ्यांचे दुःख याहून मोठे होते. शेतीपंपाला तीन फेजची वीज पाळीपाळीने, एक आठवडा दिवसा आठ तास आणि दुसरा आठवडा रात्री दहा तास. थंडीत रात्री दोनला उसाला दारे धरायला जायचे, पायाखाली साप की दांडाचे पाणी ते कळत नाही. अशा रात्रीनंतर सकाळी जो माणूस खिडकीवर येई, तो काही गोड बोलायला येत नसे. मी सुरुवातीला त्याच्याशी वाद घाली. नंतर शिकले. आधी त्याचे सगळे ऐकून घ्यायचे, मग तक्रार वहीत त्याच्या देखत लिहायची आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. वाचून दाखविले की निम्मा राग उतरे. आता सौर कृषी वाहिनीची योजना निघाली आहे, 2017 पासून. तिच्यातून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम चालले आहे. ज्या गावात ती पोचली तिथल्या बायकांना विचारा, नवरा रात्री घरात असण्याची किंमत त्या सांगतील.

वीज ही काही ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, कमी नाही आणि जास्तही नाही. तुम्हाला 2020 सालची 5 एप्रिलची रात्र आठवते? टाळेबंदी होती. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावा, असे आवाहन झाले होते. आपण सगळ्यांनी गच्चीवर पणत्या लावल्या, छान वाटले. त्या नऊ मिनिटांत साऱ्या देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. तेवढी वीज नेमकी त्याच मिनिटांना कमी करायची आणि नेमकी त्याच मिनिटांना पुन्हा द्यायची, हे काम मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी केले, आणि आपल्या राज्यापुरती त्याच्यावर नजर ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राने ठेवली. काट्याची वारंवारता 50 च्या आसपास राहिली पाहिजे, नाही तर सगळे जाळे कोसळते. 2012 च्या जुलैअखेर उत्तर भारतात तसे झालेच होते, लागोपाठ दोन दिवस. आपण पणत्यांकडे पाहत होतो तेव्हा ती माणसे काट्याकडे पाहत होती. काही झाले नाही, म्हणून त्यांचे नाव कुणाला माहीत नाही. झाले असते तर सगळ्यांना झाले असते.

पण मला आज मुख्यत्वे सांगायचे आहे ते लाइनमनच्या कामाविषयी, कारण वहिनींची मुलगी जाणार ती तिकडे.

कंपनीच्या कागदांत त्याला ‘जनमित्र’ असे सुंदर नाव आहे. गावात त्याला लाइनमन म्हणतात, वायरमन म्हणतात, आणि लाइट गेल्यावर जे म्हणतात ते इथे सांगत नाही. वळवाचा पाऊस आला, बालाघाटच्या डोंगराकडून वारा सुटला, बाभळीची फांदी तारेवर पडली की आपण खिडक्या लावून आत बसतो आणि तो बाहेर पडतो. आपल्या घरात वीज येते 230 व्होल्टची. गल्लीच्या टोकाला जी डीपी आहे, तिच्या वरच्या अंगाला 11 हजार व्होल्ट असतात, आणि उपकेंद्रात येणारी लाइन 33 हजारांची. 230 चा झटका बसलेला माणूस कधी कधी सांगायला उरतो. 11 हजारांशी चूक करायची सोयच नाही.

मग तो त्या तारेला हात कसा लावतो? हे मला नोकरीला लागून चार वर्षे होईतो ठाऊक नव्हते. मला वाटे, रबरी हातमोजे घालतात आणि देवाचे नाव घेतात. उमरग्याला असताना आमच्या कचेरीत एक जुने लाइनमन होते. त्यांना मी दादा म्हणे. त्यांनी मला एका दुपारी ‘परमिट’ म्हणजे काय ते समजावून दिले.

लाइनवर काम करायचे असेल तर लाइनमन आधी उपकेंद्राला फोन करतो. आपले नाव सांगतो, कोणत्या फीडरवर, कोणत्या ठिकाणी, कशासाठी काम आहे ते सांगतो. उपकेंद्रातला यंत्रचालक तो फीडर बंद करतो, स्विच मोकळा झाला की नाही ते डोळ्यांनी पाहतो, त्याच्यावर ‘माणसे कामावर आहेत, चालू करू नये’ अशी पाटी अडकवितो, वहीत वेळ घालून नोंद करतो आणि मग सांगतो, दिले परमिट. लाइनमन ते सगळे परत म्हणून दाखवितो. लहानपणी आपण गुरुजींना पाढा परत म्हणून दाखवीत असू तसे. यानंतरही तो चढत नाही. जवळचा स्विच उघडतो, टेस्टर लावून तार मेली आहे का पाहतो, आणि दोन्ही अंगांना साखळीने तार जमिनीशी जोडतो. त्याला अर्थिंग म्हणतात. कुठून चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जावी, म्हणून. हे सगळे झाले की मग खांब.

काम संपले की उलटा क्रम. आणि त्यात एक गोष्ट अशी की ती दादांनी मला दोनदा सांगितली : “बाई, उतरल्यावर आधी माणसं मोजायची.” चार गेले होते तर चार खाली दिसले पाहिजेत. दिसले पाहिजेत, आवाज ऐकून चालत नाही. मग साखळ्या काढायच्या, आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून यंत्रचालक फीडर चालू करीत नाही. मग तो दुसरा साहेब का असेना.

मी हे ऐकून पुष्कळ वेळ गप्प बसले होते. माझ्या मनात आले, की तो उपकेंद्रातला माणूस आणि हा खांबावरचा माणूस यांच्यामध्ये दहा-पंधरा मैल असतील. एकमेकांना ते दिसत नाहीत. पावसात फोनवर आवाज नीट येत नाही. आणि याच्या बायकोचे कुंकू त्याच्या “हो, बंद केला” या तीन शब्दांवर उभे. आपण संसारात इतकी वर्षे काढूनही कुणाच्या तीन शब्दांवर एवढा भरवसा टाकतो का?

दादांचेच आणखी एक सांगणे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे कशी झाली ते मी काय सांगू, तुमच्यापैकी किती जणींची माहेरे तिकडची आहेत. नंतर कुणीतरी दादांना विचारले, तुम्ही तर आधी लाइट चालू करायला धावला असाल. ते म्हणाले, “नाही. आमचं पहिलं काम लाइट बंद करायचं. दगडामातीत तारा पडल्याल्या, वर पाऊस, आन् लोक हातानं ढिगारे उपसायलेले.” विजेच्या कंपनीतल्या माणसाचे अवघड काम वीज देण्याचे नसून, लोक द्या द्या म्हणत असताना न देण्याचे असते, हे मला तेव्हा कळले. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पूर आला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होते, पण लोकांचे “पाणी ओसरायच्या आधी लाइट का नाही” हे बोलणे कानावर आले की दादांचे वाक्य आठवे. पाणी डीपीपर्यंत चढले की प्रवाह बंद ठेवल्यावाचून गत्यंतर नसते.

आता एक गोष्ट सांगते ती मात्र आपणा सर्वांना लागू आहे. गावाचे नाव सांगत नाही आणि मंगल कार्यालयाचेही नाही. लग्नसराई होती. एका फीडरवर काम निघाले, परमिट घेतले, दोघे जण वर चढण्याच्या बेतात. एवढ्यात लाइट गेली म्हणून मंगल कार्यालयात जनरेटर सुरू झाला. त्या जनरेटरला आणि बाहेरच्या लाइनला अलग करणारा चेंजओव्हर स्विच बसविलेलाच नव्हता, कुणी तरी ओळखीच्या पोराने तारा जोडून दिल्या होत्या. झाले असे, की जनरेटरची वीज घरच्या वायरीतून उलटी डीपीत शिरली. डीपी ही काही पाटी वाचत नाही. ती जशी 11 हजारांचे आपल्यासाठी खाली उतरविते, तशी उलट्या बाजूने आलेल्या विजेचे पुन्हा वर 11 हजार करते. यंत्रचालकाने शब्द पाळला होता, लाइनमनने प्रत्येक पायरी पाळली होती, आणि तरी मेलेली तार जिवंत झाली.

साखळी लावलेली होती, म्हणून साखळीवर ठिणगी उडाली आणि तिकडे जनरेटर बंद पडला. माणसे शाबूत राहिली. त्यांतला एक जण संध्याकाळी कचेरीत आला तेव्हा मी त्याला पाणी दिले. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि मला म्हणाला, “मॅडम, आज घरी सांगणार नाही.” मी म्हटले, नको सांगू. आता वाटते, तेव्हा मी चुकले. सांगायला हवे होते. त्याच्या बायकोला ते कळायला हवे होते, आणि त्या लग्नातल्या वऱ्हाडालाही. अक्षता टाकणाऱ्या पाचशे माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, की आपल्या पंख्याच्या वाऱ्यापायी शेजारच्या शिवारात काय होता होता राहिले.

त्या रात्री मी घरी आले आणि पहिल्यांदा आमच्या इन्व्हर्टरकडे नीट पाहिले. तो भाच्याने बसवून दिला होता, प्रेमाने आणि फुकट. दुसऱ्या दिवशी परवान्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घेतला. भाचा दोन महिने रुसला होता. आता पुष्कळांच्या गच्चीवर सौर पट्ट्या आल्या आहेत. त्यांच्या यंत्रात बाहेरची लाइन गेली की आपोआप बंद होण्याची सोय असते, म्हणून तर दुपारी ऊन असूनही लाइट जाते आणि बायका तक्रार करतात की मग पट्ट्या कशाला बसविल्या. ती सोय खांबावरच्या माणसासाठी आहे, बायांनो. जनरेटरवाल्यांनी मात्र घरी जाऊन चेंजओव्हर स्विच आहे का ते बघा. आणि आकडे टाकणाऱ्यांविषयी मी बोलत नाही, आज शुभ दिवस आहे.

आता मुलींचे. मी लागले तेव्हा आमच्या कचेरीत आम्ही दोघी बायका, आणि त्या दोघींनी खांब पाहायचा तो खिडकीतून. तथापि विजेच्या धंद्यात बाई ही नवी गोष्ट आहे असे मुळीच समजू नका. मद्रासकडे ए. ललिता नावाच्या बाई होऊन गेल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. त्यांचे वडील शिकलेले आणि खंबीर. त्यांनी तिला 1940 साली गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात घातले. ती विद्युत शाखेतून पास झाली, तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेला ‘तो’ खोडून त्या जागी हाताने ‘ती’ लिहावे लागले, असे सांगतात. छापताना कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. या बाईंनी पुढे कलकत्त्याच्या कंपनीत भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांचे काम केले आणि 1964 साली न्यूयॉर्कला स्त्री इंजिनियरांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या होत्या.

आणि इतके लांब तरी कशाला? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या एका महिला तंत्रज्ञाची खांबावर चढतानाची चित्रफीत 2020 साली घरोघर मोबाइलवर फिरली होती. तुम्हीच मला ती दाखविली होती. खांबावर चढायला फार शक्ती लागते असा आपला समज असतो. लागते, नाही असे नाही. पण शक्तीपेक्षा पद्धत लागते. शिडी कुठे टेकवायची, झुला कसा बांधायचा, कमरेचा पट्टा केव्हा अडकवायचा, हातातली पक्कड खाली पडू न देता कशी धरायची. गड्यांनाही हे आईच्या पोटातून येत नाही, शिकावेच लागते.

माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे अशा दोन-तीन मुली होत्या. त्या माझ्या टेबलापाशी डबा खायला बसत. त्यांच्याकडून जे ऐकले ते जसेच्या तसे सांगते, म्हणजे वहिनींनी डोळे उघडे ठेवून ठरवावे. पहिली तीन वर्षे कंत्राटी, मानधनावर. पूर्ण पगार त्यानंतर. बदली कुठेही होऊ शकते. ज्या दिवशी सण त्या दिवशी हमखास काम. तुळजापूरच्या नवरात्रात आणि कोजागरीच्या यात्रेत रजा मागायचीच नाही. शिवारात बाईमाणसाला आडोसा नसतो, म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यायचे आणि मग उन्हात डोके दुखायचे. हे त्यांनी सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. चार दिवसांच्या अडचणीत शिडी खांद्यावर घेऊन वस्तीपर्यंत चालायचे. आणि तिथे पोचल्यावर अंगणातला माणूस म्हणणार, “बाईला कशाला पाठविलं? गडी माणूस पाठवा.” एकीने तर उत्तर तयारच ठेवले होते : “गडी येईपर्यंत अंधारात बसता का?” ती डीपीचा फ्यूज घालून उतरली तेव्हा त्याच घरातल्या म्हातारीने तिची शिडी धरली होती आणि खाली उतरल्यावर तिच्या पदरात, म्हणजे खाकी शर्टाच्या खिशात, शेंगा घातल्या.

सगळ्यांनाच खांबावर चढावे लागते असेही नाही. कुणाला उपकेंद्रात नेमणूक मिळते, कुणाला बिलांच्या कामावर. पण त्या मुलींपैकी एक जण मला म्हणाली होती, “मॅडम, टेबलावर बसले तर लोक मला शिव्या देतात. लाइट घालून आले तर चहा देतात.” हे मला कबूल करावे लागले. चौतीस वर्षे टेबलावर बसून मला किती कप चहा मिळाला, ते मलाच माहीत.

परवा वहिनी मुलीलाच घेऊन घरी आल्या. मुलगी शांत आहे, बोलते कमी. मी तिला हे सगळे सांगितले, चांगले आणि वाईट दोन्ही. साखळीची गोष्ट मुद्दाम सांगितली, तिच्या आईच्या देखत. वहिनींचा चेहरा उतरला. मुलीने मात्र सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला. म्हणाली, “मावशी, काम झाल्यावर घाईत परमिट परत करायचंच राहिलं, तर काय होतं?”

मी म्हटले, “काय व्हायचं? लाइट येत नाही. सगळं गाव फोन करतं, साहेब ओरडतात, तुला आठवेपर्यंत फीडर बंद राहतो.”

“म्हणजे कुणी मरत नाही?”

“नाही, कुणी मरत नाही. फक्त शिव्या बसतात.”

ती हसली आणि तिने पिशवीतून अर्जाचा कागद काढला. त्यातला एक रकाना तिला कळत नव्हता, तो मला विचारायचा होता. आई काही बोलल्या नाहीत. माझा चष्मा टेबलावर होता, तो त्यांनीच उचलून माझ्या हातात दिला.

कार्यवाह बाई मघापासून घड्याळ दाखवीत आहेत.